केमो नको सांगितलं, तरी मनातला किडा जाईना (स्तनाचा कॅन्सर)

गोदातीर | सोमवार, रात्री ९:४०

हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरला होता, म्हणून एका जागी आणतोय. गाठ काढली, मोठा रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, केमोची गरज नाही, हार्मोन रोखणारी गोळी सुरू करू. दोन दिवस घरात हायसं वाटतं. तिसऱ्या दिवशी पै-पाहुणे भेटायला येतात आणि कुणीतरी बोलून जातं, "आमच्या उदगीरच्या सोयऱ्यांत आठ केमो झाल्या. तुमाला एकबी नाही? काहून?" तिथून झोप उडते.

"डॉक्टरांवर विश्वास ठेवा" एवढ्यानं ही शंका जात नाही. कागद समोर ठेवून एकेक गोष्ट ताडून पाहिली की बरीचशी जाते, आणि उरली तरी नेमकी कशाबद्दल उरली ते कळतं.

मर्यादा आधीच सांगतो. हा धागा फक्त ऑपरेशन झालेल्या, पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या) आणि हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे वाढीचं प्रथिन जास्त नसलेल्या) कॅन्सरसाठी आहे. ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोन आणि हर-टू, तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल तर गणित पूर्ण वेगळं असतं. तिथे अगदी लहान गाठ सोडली तर केमो सहसा लागतेच, त्यामुळे इथलं काही तिकडे लावू नका. अनुभवांचा धागा वेगळा आहे. इथे फक्त काय तपासायचं आणि कसं, तेवढंच.

स्लाइड_बघा | सोमवार, रात्री १०:१५

सुरुवात हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याच्या, रिपोर्टपासून करा. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी पुरत नाहीत, लॅबच्या लेटरहेडवरचा पूर्ण रिपोर्ट हवा. त्यात बघायच्या गोष्टी:

ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात. हा तीन गोष्टींची बेरीज करून काढतात: पेशी नळ्या किती बनवतात, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत आणि विभाजन किती दिसतं. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ म्हणजे ग्रेड १, ६-७ म्हणजे २, ८-९ म्हणजे ३. नुसतं "ग्रेड २" लिहिलं असेल तर फोड मागा. ६ आणि ७ एकाच डब्यात बसतात, पण ७ ची गाठ ग्रेड ३ च्या उंबरठ्यावर उभी असते.

आकार. सोनोग्राफीतला धरायचा नाही, पॅथॉलॉजीतला धरायचा. २ सेंटिमीटरपर्यंत टी-१, २ ते ५ पर्यंत टी-२.

काखेतल्या गाठी (लिम्फ नोड). काढलेल्या किती, त्यांतल्या कितींत कॅन्सर पोचला, असा आकडा असतो. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. "०/३" आणि "०/१४" दोन्हीत शून्यच दिसतं, पण निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या पहारेकरी गाठी, म्हणजे सेंटिनेल, शोधल्या असतील तरच दोन-तीन पुरतात. ठरवून काखेच्या खालच्या थरातल्या गाठी काढायचीही एक मान्य पद्धत आहे. पूर्ण काख साफ केली असेल तर साधारण १० च्या वर गाठी मिळायला हव्यात. कुठली पद्धत वापरली ते पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात असेलच असं नाही. ते ऑपरेशन नोटमध्ये असतं. तो कागद बहुतेकांकडे नसतो, मागून घ्या.

ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हार्मोन पकडणारी प्रथिनं). टक्के आणि रंगाची तीव्रता दोन्ही लिहिलेली हवी. १ टक्क्याला पॉझिटिव्ह म्हणतात खरं, पण १ ते १० टक्के ही "कमी पॉझिटिव्ह" जात वेगळी वागते, पुष्कळदा ट्रिपल निगेटिव्हसारखी. ईआर ८ टक्के असताना कुणी केमो नको म्हटलं असेल तर तिथे शंका धरलीच पाहिजे.

हर-टू. ० किंवा १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ म्हणजे उत्तर अर्धवट, फिश नावाची तपासणी करूनच ठरतं. २+ वर थांबलेला रिपोर्ट घेऊन केमोचा निर्णय झाला असेल तर निर्णय अजून झालेलाच नाही असं समजा.

स्लाइड_बघा | सोमवार, रात्री १०:३८

एक राहिलं. रिपोर्ट चुकतो तो बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखाली चुकत नाही, ऑपरेशन थिएटरच्या दारात चुकतो. काढलेला भाग तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास त्यात राहायला हवा. फॉर्मॅलिन आत शिरतं तासाला साधारण एक मिलिमीटर. आख्खा स्तन न कापता अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून लॅबला पाठवला तर बाहेरून कडक आणि आतून सडका निघतो. सलाईनमध्ये टाकून पाठवलेले नमुनेही येतात, काय बोलावं! अशा नमुन्यात ईआर खोटा निगेटिव्ह येतो, हर-टू धूसर येतो. ग्रेड १ ची गाठ आणि ईआर निगेटिव्ह अशी जोडी दिसली तर आधी फिक्सेशनवर, म्हणजे नमुना फॉर्मॅलिनमध्ये टिकवण्यावर, संशय घ्या. त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिका रंगल्या आहेत का, हे पॅथॉलॉजिस्टला विचारा. त्याही रंगल्या नसतील तर टेस्टच बाद.

वेरूळचा_भुंगा | मंगळवार, सकाळी ७:०५

केआय-६७, म्हणजे किती टक्के पेशी वाढीच्या फेऱ्यात आहेत तो आकडा, राहिला की. एका लॅबचा १८, दुसऱ्या लॅबचा २८, गाठ तीच. कुणाचं खरं?

स्लाइड_बघा | मंगळवार, सकाळी ८:२०

दोघांचंही. मुद्दाम लिहिला नव्हता, कारण लोक त्याच एका आकड्याला कवटाळून बसतात. ५ टक्के किंवा त्याहून कमी, आणि ३० किंवा त्याहून जास्त, या दोन टोकांना तो भरवशाचा आहे. मधल्या पट्ट्यात कोण मोजतंय, गाठीचा कुठला भाग मोजला, अंदाजाने की पेशी मोजून, यावर तो सहज दहा अंकांनी हलतो. १८ आणि २८ च्या फरकावर ना केमो लावता येते, ना टाळता.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ११:३०

आता मूळ दुखण्याकडे येऊ: "केमो घेतली असती तर चार आणे तरी जास्त फायदा झाला असता ना?"

समजा एखादं औषध धोका एक-तृतीयांशाने कमी करतं. शंभर जणींपैकी ३० जणींना आजार परतणार असेल तर औषधाने १० वाचतील. ६ जणींनाच परतणार असेल तर २ वाचतील, आणि त्या दोघींसाठी शंभरही जणींना केमोचा त्रास. इथवर सगळे समजतात. पुढचं कुणी सांगत नाही. मंद गतीच्या, हार्मोनवर जगणाऱ्या गाठीत तो "एक-तृतीयांश" पण टिकत नाही. केमो मारते वेगाने फुटणाऱ्या पेशींना. जी गाठ वर्षाकाठी रेंगाळत वाढते तिला केमो फारशी सापडतच नाही.

हे नुसतं तर्कट नाही. टेलर-एक्स नावाचा अभ्यास २०१८ साली छापून आला. काखेतल्या गाठींत कॅन्सर न पोचलेल्या १०,२७३ बायका त्यात होत्या. गाठीतल्या २१ जनुकांवरून ० ते १०० असा स्कोअर काढतात. ११ ते २५ स्कोअरच्या ६,७११ जणींमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले: एकाला फक्त हार्मोनची गोळी, दुसऱ्याला केमो आणि गोळी. नऊ वर्षांनी आजार दूरच्या अवयवात न गेलेल्या बायका पहिल्या गटात ९४.५ टक्के, दुसऱ्यात ९५.०. अर्ध्या टक्क्याचा फरक. पाहुण्यांना हाच आकडा सांगा.

बार्शी_लाइट | मंगळवार, दुपारी १:१०

पाहुण्यांना सांगा, पण बाईचं वय विचारून सांगा. त्याच अभ्यासात ५० किंवा त्याखालच्या वयात चित्र बदललं. स्कोअर १६ ते २० असताना केमोने सुमारे दीड टक्क्याचा फायदा, २१ ते २५ असताना साडेसहाच्या आसपास. २६ आणि पुढे तर कुठल्याही वयात केमोच सुचवतात.

काखेतल्या १ ते ३ गाठींत कॅन्सर पोचलेल्यांसाठी २०२१ चा आरएक्स-पाँडर अभ्यास आहे. पाळी गेलेल्या बायकांत स्कोअर २५ पर्यंत केमोचा फायदा दिसला नाही. पाळी चालू असलेल्यांत पाच वर्षांनी जवळपास पाच टक्क्यांचा दिसला. म्हणून ४३ वर्षांची, काखेत दोन गाठी, आणि "केमो नको" असं कुणी चालता चालता सांगितलं असेल तर मी तरी गप्प बसायला सांगणार नाही.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी २:००

मान्य. पण तरुण बायकांत तो फायदा खरंच केमोचा की केमोमुळे पाळी बंद पडते त्याचा, हा वाद तज्ज्ञांतही मिटलेला नाही. बीजकोष झोपवणारी इंजेक्शनं देऊन तोच परिणाम साधता येईल असं अनेकांचं मत आहे. त्यामुळे डॉक्टरांनी "केमो नको, पण दर २८ दिवसांनी इंजेक्शन आणि सोबत गोळी" असं सांगितलं असेल तर त्यामागे विचार आहे. इंजेक्शनही नाही, नुसती गोळी असं असेल तर कारण विचारा.

वेरूळचा_भुंगा | मंगळवार, दुपारी २:२५

हा स्कोअर आपल्याकडे किती जणी काढतात? लाखांच्या घरात खर्च, नमुना अमेरिकेला. जालना-हिंगोलीच्या बाईने काय करावं?

बार्शी_लाइट | मंगळवार, सायंकाळी ६:४५

रास्त प्रश्न. तीन वाटा आहेत.

एक, सगळ्यांना टेस्ट लागतच नाही. साठीपुढची बाई, एक सेंटिमीटरची ग्रेड १ गाठ, काख स्वच्छ, ईआर-पीआर दोन्ही भरपूर. इथे स्कोअर काढून निर्णय बदलण्याची शक्यता नगण्य. तसंच चार-पाच गाठी काखेत लागल्या असतील तर टेस्टचा उपयोग नाही, केमोच. मधल्या बायकांसाठी टेस्ट असते.

दोन, बंगळुरूत बनलेली कॅनअसिस्ट नावाची भारतीय टेस्ट. ती जनुकं मोजत नाही. गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेला तुकडा) पाच प्रथिनं रंगवते, त्यांची सांगड आकार, ग्रेड आणि काखेच्या गाठींशी घालते आणि १५.५ च्या खाली कमी धोका, वर जास्त धोका असं सांगते. परदेशी टेस्टपेक्षा बरीच स्वस्त. पुरावा मात्र वेगळ्या वजनाचा आहे. टेलर-एक्ससारखा चिठ्ठ्या टाकून केलेला मोठा अभ्यास तिच्यामागे नाही, जुन्या नमुन्यांवर ताडून पाहिलेली आहे.

तीन, फुकटची वाट: प्रेडिक्ट नावाचं केंब्रिजच्या लोकांनी बनवलेलं ऑनलाइन गणित. वय, आकार, ग्रेड, गाठी, ईआर, हर-टू, केआय-६७ भरा. गोळीने किती, केमोने आणखी किती, हे शंभर बायकांच्या हिशोबात येतं. घरी एकट्याने रात्री बारा वाजता भरू नका. डॉक्टरांसमोर भरा, चुकीचा रकाना भरून घाबरलेली माणसं खूप असतात.

औषधपेटी | मंगळवार, रात्री ९:३०

सगळे केमोच्या फायद्यावर बोलताय. केमो नको सांगितलेल्या बाईचा खरा धोका कुठे आहे ते मी लिहिते. तो आहे गोळी सोडण्यात.

कॅलिफोर्नियातल्या ८,७६९ बायकांच्या औषधनोंदी २०१० मध्ये तपासल्या गेल्या. ठरलेला काळ, ठरल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्या निम्म्याच निघाल्या. केमो डोळ्यांना दिसते, सलाईन दिसतं, केस जातात, सगळं गाव विचारतं. गोळी कुणाला दिसत नाही, म्हणून घरच्यांना तो उपचार वाटतच नाही.

टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, रोज एक. पाळी असो वा गेलेली, दोन्हीत चालतं. पाच वर्षं, कुणाला दहा. एक दिवस चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. शरीरात ते हळूहळू उतरतं, एका दिवसाने काही बिघडत नाही. महिनाभराने बिघडतं. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर लाल गेलं तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञ. एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी दवाखाना.

लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम फक्त पाळी खरोखर गेलेल्यांना. इथे गफलत होते. टॅमॉक्सिफेनने पाळी थांबली म्हणजे पाळी गेली असं नाही. बीजकोष चालू असताना नुसतं लेट्रोझोल दिलं तर ते कामच करत नाही, उलट बीजकोष जागे होऊ शकतात. या गोळीने हाडं विरळ होतात, सांधे सकाळी आखडतात. सुरुवातीला डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून ठेवा, दोन वर्षांनी परत.

बीजकोष झोपवणारं इंजेक्शन गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम, २८ दिवसांनी. ते २५ अंशांच्या खाली ठेवायचं असतं. आता मे महिन्यात संभाजीनगरातून घेऊन एसटीने किनवटला न्यायचं असेल तर गाडीत ४२ च्या वर पारा. पिशवीत ठेवून नेलेलं इंजेक्शन हा पैशांचा चुराडा. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी, मध्ये कापडाची घडी, इंजेक्शन बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही. नाहीतर ज्या दवाखान्यात टोचायचं तिथेच मागवा.

औषधपेटी | मंगळवार, रात्री ९:५२

खाण्याचं विचारतात म्हणून. भाजीतली हळद खुशाल खा. हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल घेऊ नका: एका छोट्या अभ्यासात रोज मोठ्या मात्रेत त्या घेतल्यावर टॅमॉक्सिफेनचा कामाचा अंश रक्तात कमी झाला. सोयाबीनबद्दल तर लातूरच्या मार्केट यार्डातसुद्धा भीती घातलेली आहे! शांघायच्या ५,०४२ बायकांच्या अभ्यासात (२००९) सोया खाणाऱ्यांत आजार परतण्याचं प्रमाण उलट कमी होतं. सोयावडी, पीठ चालेल. सोयाचे अर्क आणि गोळ्या टाळा.

झोपेसाठी-मनासाठी गोळ्या चालू असतील तर टॅमॉक्सिफेनवाल्यांनी पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन आहे का बघा. ही दोन टॅमॉक्सिफेनला कामाचं रूप घेऊ देत नाहीत. व्हेनलाफॅक्सिन चालतं, आणि अंगातून निघणाऱ्या वाफाही त्याने कमी होतात. आपल्या मनाने बदलू नका, लिहून देणाऱ्याला सांगा.

पाणंद | बुधवार, सकाळी ६:५०

थोडं कडू बोलतो. "केमो टाळली" या एकाच शब्दात दोन भिन्न माणसं बसतात. एक, जिला तपासून "नको" सांगितलं. दुसरी, जिला "हवी" सांगितली आणि जी केसांच्या, उलट्यांच्या किंवा खर्चाच्या भीतीने काढेवाल्याकडे गेली. दुसरीने वरचे आकडे वाचून समाधान करून घेऊ नये. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींचा अभ्यास आला होता: उपचार सोडून फक्त पर्यायी औषध घेणाऱ्या स्तनकॅन्सरच्या रुग्णांत मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला.

तिला ओरडूनही काही होत नाही, दार बंद करते. नेमकी भीती काय ते विचारा. उलट्यांवर आता पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली औषधं आहेत. पैशांची असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो आणि शेक (रेडिएशन) दोन्ही बसतात. अंगीकृत दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट घेऊन जा. आणि उशिराची भीती घाला, ती खरी आहे: ऑपरेशननंतर केमो ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हावी, ९० दिवसांपलीकडे गेली की निकाल घसरतात.

गोदातीर | बुधवार, सकाळी ९:१५

पाणंदभाऊंचा ९० दिवसांचा मुद्दा पहिल्या गटालाही लागू. दुसरं मत घ्यायचं तर याच मुदतीत. सहा महिन्यांनी घेतलेलं दुसरं मत नुसती हुरहूर वाढवतं.

कुठे: छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव, बीड, लातूरकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय जवळ पडतं. परळच्या टाटाला जायचं तर नांदेड, परभणी, जालन्याहून रेल्वे आहेच, पण ब्लॉक सोबत नसेल तर हेलपाटा पडतो.

सोबत काय: मेणाचे ब्लॉक (स्लाइड एकट्या नकोत, ब्लॉकवरून नव्या स्लाइड कापता येतात), त्या ब्लॉकचा नंबर रिपोर्टावरच्या नंबराशी जुळतो का बघून, ऑपरेशन नोट, पूर्ण पॅथॉलॉजी, मॅमोग्राफीच्या फिल्म, चालू औषधांची यादी. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

बार्शी_लाइट | बुधवार, सकाळी १०:४०

आणि विचारायचं कसं? "केमो का नाही?" असं विचारलं की डॉक्टर एका वाक्यात मोकळे होतात. त्याऐवजी: "केमो न घेता, गोळी नीट घेतली तर दहा वर्षांत शंभरातल्या किती जणींना परतेल? केमो घेतली तर किती?" दोन आकडे मिळतात. ते केसपेपरवर लिहून घ्या, तारीख घालून. चार महिन्यांनी रात्री शंका आली की त्या दिवशी कशावरून ठरलं होतं ते समोर असतं.

स्तन वाचवून गाठ काढली असेल तर शेक लागतो, केमो नको म्हणजे शेकही नको असं नाही. ही गल्लत होते. आता १५ दिवसांचा, काही ठिकाणी ५ दिवसांचाही कोर्स असतो.

औषधपेटी | बुधवार, दुपारी १२:०५

पुढची तपासणी: पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांचा हात लागला पाहिजे, मग दोन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, पुढे वर्षाला. मॅमोग्राफी वर्षातून एकदा. लक्षण नसताना दरवर्षी पेट स्कॅन आणि सीए १५-३ ही रक्ततपासणी करण्याची शिफारस नाही. त्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही, खोट्या धोक्यांनी घर मात्र हादरतं.

पाठ दुखली की हाडात गेलं, हे सगळ्यांनाच वाटतं. वापरायला सोपा निकष: दुखणं नवं आहे, एकाच जागी आहे, रात्री झोपेतून उठवतं आणि दोन-तीन आठवड्यांत कमी होत नाही, तर दाखवा. लेट्रोझोलचं आखडणं दोन्हीकडे असतं आणि हालचालीने सैल पडतं. तपासणीच्या आदल्या आठवड्यात जीव खालीवर होतो तो बहुतेकींचा होतो. महिनाभर जेवण-झोप तुटली असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

वेरूळचा_भुंगा | बुधवार, रात्री ८:३०

ऑपरेशन नोट मिळाली. त्यात काखेचं फक्त "क्लिअर" लिहिलंय, पॅथॉलॉजीत ०/४. वय ५२, पाळी चालू, दोन सेंटिमीटर, ग्रेड २, बेरीज ७. ऑपरेशनला पाच आठवडे झाले.

स्लाइड_बघा | बुधवार, रात्री ८:५५

"क्लिअर" म्हणजे पूर्ण काढली की दिसायला स्वच्छ होती, काही कळत नाही. पूर्ण काढली असेल तर चार गाठी कमी आहेत. दोन कामं, उद्याच. सर्जनकडून पद्धत एका ओळीत लिहून घ्या: सेंटिनेल की पूर्ण काख. आणि लॅबला विचारा, काखेची चरबी शिल्लक आहे का. बरणीत असेल तर ते परत शोधून आणखी गाठी काढू शकतात. टाकून दिली असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. पाच आठवडे झालेत, टेस्ट करायची ठरली तरी बसते अजून.